संदेशयंत्रांचा सौदा आणि लोकप्रतिनिधींची नजर

१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ज्या कचेरीकडे परराष्ट्रांना होणाऱ्या सरकारी शस्त्रविक्रीचे दप्तर असते, त्या कचेरीने आपल्या देशाच्या काँग्रेसला, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन सभागृहांच्या विधिमंडळाला, लेखी इत्तला दिली की, एमक्यू-९बी जातीची ३१ वैमानिकरहित विमाने भारताला विकण्याचे योजिले असून या व्यवहाराची अंदाजी किंमत ३९९ कोटी डॉलर आहे. अशी यादी वाचताना सर्वसाधारण वाचकाची दृष्टी विमानांवर आणि हेलफायर क्षेपणास्त्रांवर खिळावी हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच यादीत पुढे उपग्रहाशी बोलणारी, वाहनावर घालून हलविता येणारी भूस्थानके होती, जवळच्या टप्प्यासाठी वेगळी भूयंत्रे होती, आणि स्वकीय कोण व परकीय कोण हे ओळखणाऱ्या यंत्रणेला जोडावयाची गूढलेखनाची उपकरणेही होती. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी, काहीशी अनाकर्षक यादी आहे.

रेडिओच्या ज्या लहरींवर असे विमान चालविले जाते त्या सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर वाटोळी. त्यामुळे विमान क्षितिजापलीकडे गेले की जमिनीवरील चालकाचा आणि त्याचा संबंध तुटतो. तो टिकवावयाचा तर विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिरावलेल्या उपग्रहाला मध्यस्थ करावे लागते. विमानाने टिपलेले चित्र वर जाते आणि तेथून भूस्थानकाकडे येते. चालकाचा हुकूम त्याच वाटेने उलट जातो. ही वाट उघड्या आकाशातून जात असल्यामुळे वाटेत कोणीही कान लावून बसू शकतो, म्हणून संदेश कुलूपबंद करून पाठवावा लागतो, आणि त्या कुलपाची किल्ली हा साऱ्या व्यवहाराचा गाभा होय. अमेरिकी बनावटीची गूढलेखनाची लष्करी यंत्रे बाजारात मिळत नाहीत. ती सरकारकडून सरकारला, आणि तीही अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची संमती असेल तरच मिळतात. तोफ विकत घेतली की ती घेणाऱ्याची झाली, असे निदान ढोबळपणे म्हणता येते. किल्लीच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. ती वेळोवेळी बदलावी लागते, तिचा हिशेब ठेवावा लागतो, तिची रुजुवात द्यावी लागते, आणि घेणारा देणाऱ्याशी वर्षानुवर्षे बांधलेला राहतो. एवढ्या दीर्घ बंधनाचा व्यवहार केवळ कारकुनी मंजुरीने व्हावा की लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी तो आधी डोळ्यांखालून घालावा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर १९७४ साली शोधावयास आरंभ केला. व्हिएतनामच्या युद्धाने अध्यक्षांच्या एकतंत्री निर्णयांविषयी संशय उत्पन्न केलेला होता, आणि पर्शियाच्या आखातातील तेलसंपन्न राष्ट्रांकडे जाणारा शस्त्रांचा ओघ वर्षागणिक वाढत होता. नेल्सन आणि बिंगहॅम या दोन सदस्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुरुस्तीने मोठ्या विक्रीची पूर्वसूचना काँग्रेसला देण्याचे बंधन घातले आणि १९७६ च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्याने ते पक्के केले. सध्याच्या तरतुदीप्रमाणे एखाद्या विक्रीतील प्रमुख लष्करी सामग्री १ कोटी ४० लाख डॉलरची किंवा एकूण सामग्री व सेवा ५ कोटी डॉलरची झाली की सूचना द्यावी लागते आणि मग ३० दिवसांची मुदत सुरू होते. नाटो संघटनेतील राष्ट्रे, आणि त्यांच्या पंक्तीत बसविलेले जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, इस्राएल व न्यूझीलंड, यांच्यासाठी हे आकडे अनुक्रमे अडीच कोटी व १० कोटी डॉलर असून मुदत केवळ १५ दिवसांची आहे. भारत त्या पंक्तीत नाही.

कायद्याच्या मूळ रूपात काँग्रेसच्या हाती मोठे हत्यार होते: दोन्ही सभागृहांनी नापसंतीचा ठराव केला की अध्यक्षांच्या सहीची गरज न पडता विक्री थांबत असे. १९८१ साली सौदी अरेबियाला अवाक्स ही टेहळणी विमाने आणि इतर सामग्री मिळून ८५० कोटी डॉलरची विक्री व्हावयाची होती, तेव्हा प्रतिनिधिगृहाने ती ३०१ विरुद्ध १११ मतांनी नाकारली, आणि २८ ऑक्टोबर रोजी सिनेटमध्ये नापसंतीचा ठराव ४८ विरुद्ध ५२ मतांनी पडला म्हणून केवळ ती विक्री वाचली. दोनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्याच खटल्यात हे हत्यार बोथट केले. केनियात जन्मलेला, भारतीय वंशाचा जगदीश राय चढ्ढा हा विद्यार्थी अमेरिकेत राहू शकतो की नाही असा तो मूळ वाद होता. पण त्याचा निवाडा देताना न्यायालयाने म्हटले की, अध्यक्षांपुढे न ठेवलेल्या ठरावाने काँग्रेसला शासनाचा निर्णय रद्द करता येणार नाही. कोठे एका विद्यार्थ्याचा वास्तव्याचा हक्क आणि कोठे महासत्तेची शस्त्रविक्री. पण राज्यघटनेचे सूत्र एकच असल्यामुळे एकीकडे ओढ बसली की दुसरीकडची गाठ सुटते.

तेव्हापासून नापसंतीचा ठराव अध्यक्षांच्या सहीसाठी पाठवावा लागतो. ज्याची विक्री रोखावयाची त्याचीच सही मागावयाची, आणि त्याने नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते जमवावयाची, अशी ही वाट आहे. १९८६ च्या जूनमध्ये सौदी अरेबियाला क्षेपणास्त्रे विकण्याच्या प्रकरणी सिनेटमध्ये नकाराधिकार उलटविण्यास ६७ मते हवी होती, मिळाली ६६. २०१९ साली तर परराष्ट्रमंत्री पॉम्पिओ यांनी आणीबाणीचे कलम लावून सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती व जॉर्डन यांना ८१० कोटी डॉलरच्या विक्रीचा मार्ग मुदतीशिवाय मोकळा केला. काँग्रेसने तीन ठराव करून विरोध नोंदविला, अध्यक्ष ट्रम्प यांनी तिन्ही नाकारले, आणि ते नकार उलटविण्याइतकी मते सिनेटमध्ये मिळाली नाहीत. कायदा झाल्यापासून आजवर या औपचारिक मार्गाने एकही विक्री कायमची थांबलेली नाही.

तरीही काँग्रेसची नजर निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. खरे बळ औपचारिक सूचनेच्या आधीच्या टप्प्यात आहे. रिवाज असा की, मसुदा प्रथम दोन्ही सभागृहांच्या परराष्ट्रविषयक समित्यांकडे जातो, आणि तेथील अध्यक्षाने किंवा विरोधी पक्षाच्या ज्येष्ठ सदस्याने हरकत घेतली तर शासन सहसा पुढे जात नाही. भारताच्या विमानांचेच पाहा. न्यूयॉर्कमध्ये एका अमेरिकी नागरिकाच्या हत्येचा कट रचला गेला व त्यात भारतातील एका सरकारी नोकराचा हात होता, असा आरोप २०२३ च्या नोव्हेंबरात झाला होता. सिनेटच्या समितीचे अध्यक्ष बेन कार्डिन यांनी या प्रकरणाची चौकशी व उत्तरदायित्व यांविषयी शासनाशी काही महिने बोलणी केली आणि मगच आपली अडवणूक मागे घेतली. ठराव नाही, मतदान नाही, अध्यक्षांची सही नाही. एका सदस्याच्या संमतीवाचून शेकडो कोटींचा व्यवहार थांबून राहिला.

या साऱ्या व्यवस्थेतील मला सर्वांत खटकणारी गोष्ट निराळीच आहे. कायद्याचा तराजू डॉलरमध्ये तोलतो, आणि संदेशवहनाच्या यंत्रांचे महत्त्व डॉलरमध्ये मावत नाही. एका लढाऊ विमानाच्या किमतीत उपग्रहाशी बोलणारी यंत्रे मुबलक येतील, आणि त्यांचा व्यवहार थोडाथोडा केला तर मर्यादेच्या खालून जाईल. ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२० च्या ऑगस्टमधील अहवालात नोंदविले आहे की, जानेवारी २०१७ पासून सौदी अरेबिया व अमिराती यांच्या संबंधातील मर्यादेखालच्या ४,२२१ मंजुऱ्या दिल्या गेल्या आणि त्यांची अंदाजी किंमत १,१२० कोटी डॉलर होती. थेंबाथेंबाने एवढे तळे भरले, पण काँग्रेसला सूचना देण्याचा प्रसंग एकदाही आला नाही.

त्यातही आता वस्तूऐवजी सेवा विकली जाऊ लागली आहे. २०२५ च्या ऑगस्टअखेर युक्रेनला स्टारलिंकची उपग्रहसेवा व तिची सामग्री मिळून १५ कोटी डॉलरची विक्री काँग्रेसला कळविण्यात आली. सेवा म्हणजे रोज नव्याने मिळणारी, म्हणूनच रोज बंद होऊ शकणारी गोष्ट. क्रिमियाजवळ ही सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती आपण मान्य केली नाही, असे ती पुरविणाऱ्या कंपनीचे धनी इलॉन मस्क यांनी २०२३ साली स्वतःच सांगितले होते. विक्रीपूर्वी ३० दिवस कागद तपासणाऱ्या विधिमंडळाला, विक्रीनंतर खाजगी हाती राहणाऱ्या अशा कळीवर लक्ष ठेवण्याचे साधन या कायद्यात मला तरी दिसत नाही.

आता घेणाऱ्याच्या बाजूकडे वळू. सी-१३०जे जातीची वाहतूक विमाने भारताने २००८ साली मागविली तेव्हा संदेशसुरक्षेचा करारनामा झालेला नसल्यामुळे अमेरिकेची काही गुप्त संदेशयंत्रे त्यांच्यावर बसली नाहीत आणि बाजारात मिळणारी यंत्रे वापरावी लागली. वस्तूच्या अंतिम वापराची तपासणी अमेरिकेने करावयाची, ही गोष्ट २००९ साली मान्य झाली. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवी दिल्लीत तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज व संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या भेटीसाठी पॉम्पिओ आणि अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅटिस आले असता संदेशसुसंगती व सुरक्षा यांविषयीचा कॉमकासा करारनामा झाला, तो दहा वर्षांसाठी. त्याचा संपूर्ण मसुदा प्रसिद्ध झालेला नाही. आपल्या राज्यघटनेप्रमाणे परराष्ट्रांशी करार करणे हे शासनाचे काम असून त्यासाठी संसदेची पूर्वसंमती लागत नाही. संरक्षणविषयक स्थायी समिती प्रश्न विचारू शकते आणि महालेखापरीक्षक खर्चाची तपासणी करतात, पण ती खर्च झाल्यावर. म्हणजे विमानांच्या या व्यवहारावर, त्यातील उपग्रहयंत्रांसह, विकणाऱ्या देशाच्या लोकप्रतिनिधींनी आधी विचार केला. ज्यांच्या सैन्याला ती यंत्रे वापरावयाची त्या देशाच्या लोकप्रतिनिधींना तसा हक्काचा प्रसंग मिळाला नाही, आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी करारावर सह्या झाल्या.

गुप्ततेची गरज मी नाकारीत नाही. किल्लीचा तपशील चव्हाट्यावर मांडा असे कोणीच म्हणणार नाही. भारताने नौदलासाठी २०१३ साली जीसॅट-७ आणि हवाईदलासाठी २०१८ साली जीसॅट-७ए हे स्वतःचे उपग्रह सोडले, तेव्हा आपल्या किल्ल्या आपल्याजवळ असाव्यात ही जाणीव शासनाला आहे हेही उघड आहे. परंतु कॉमकासाची मुदत २०२८ च्या सप्टेंबरात पुरी होते. ती वाढवावयाची झाल्यास त्याआधी स्थायी समितीच्या बंद बैठकीत, शपथेने बांधलेल्या सदस्यांपुढे, तो करारनामा ओळीने वाचला जावा आणि दहा वर्षांत कोणत्या यंत्रासाठी कोणती किल्ली कितीदा मागावी लागली याचा हिशेब तेथे मांडला जावा, एवढी मागणी आजच करावयास हवी. तयारीला हाताशी असलेला काळ फार नाही.