मांजर ‘घरचीच’ असली तरी

कुत्रा चावला की माणूस केसपेपर काढायला धावत येतो. मांजर चावली तर हळद दाबून जेवायला बसतो. सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे हेच पाहतो आहे. दोन-तीन दिवसांनी हात सुजून येतात आणि विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘‘डॉक्टर, घरचीच आहे हो ती!’’

उरणमध्ये ‘घरची’ मांजर म्हणजे काय, हे करंजा-मोऱ्याच्या लोकांना सांगायला नको. दुपारी ती तुमच्या पलंगावर झोपते, संध्याकाळी धक्क्यावर म्हावऱ्याच्या टोपल्यांभोवती असते आणि रात्री कोणाशी भांडून येते ते तिचे तिलाच ठाऊक. आपल्याकडे रेबीजचा मुख्य वाहक कुत्रा आहे. पण पिसाळलेल्या कुत्र्याने मांजरीला चावा घेतला तर तिलाही हा रोग होतो आणि तिच्याकडून माणसाला. मांजर पंजे चाटते, म्हणून नुसता ओरखडाही सोडून देण्यासारखा नसतो. लक्षणे दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी, कधी वर्षभरही. ती दिसू लागल्यावर मात्र रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. लस घ्यायची ती त्याआधीच.

चावा किंवा ओरखडा झाला की नळ सोडा आणि साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावूनच धुवा, कारण आपल्याला दोन मिनिटेच पंधरा वाटतात. विषाणूला साबण मारतो, पाणी वाहून नेते. मग त्यावर पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, मिरची, तेल यांतले काही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रक्त न येता त्वचा खरचटली असेल तर अँटी-रेबीज लस पुरते. दात किंवा नख त्वचेतून आत गेले असेल, रक्त आले असेल, तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लशीचा परिणाम दिसेपर्यंतचे दिवस तेच सांभाळते. लस दंडात त्वचेमध्ये देतात. आज पहिला डोस घेतला तर पुढचे ३, ७ आणि २८ दिवसांनी. पोटात चौदा इंजेक्शने ही जुन्या लशीची गोष्ट, ती केव्हाच बंद झाली. पण तिची धास्ती अजून घराघरात आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही ही लस देता येते. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते, तेही डॉक्टरांना सांगा.

मांजरीला हाकलू नका, मारू तर मुळीच नका. तिला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचे असते. या दिवसांत ती ठणठणीत राहिली तर चावताना तिच्या लाळेत विषाणू नव्हता, असे मानतात. पण दहा दिवस वाट पाहून मग लस घेऊ, असे करायचे नाही. लस आजच सुरू करायची. मांजर धडधाकट राहिली तर पुढच्या डोसांचे काय ते डॉक्टर ठरवतील. तिला लस दिलेली असेल तर तिचे कार्डही सोबत आणा.

रेबीजइतके भयंकर नसले तरी मांजरीच्या तोंडातले जंतू रोजच्या व्यवहारात जास्त त्रास देतात. तिचे सुळे सुईसारखे बारीक. वरून दोन टिंबे दिसतात, पण दात खोल गेलेला असतो आणि त्वचा लगेच मिटते, जंतू आत कोंडले जातात. पाश्चुरेला नावाचा जंतू एका रात्रीत बोट सुजवतो. चावा हातावर, सांध्याजवळ असेल तर अँटिबायोटिक लवकर सुरू करणे बरे. मधुमेह असलेल्यांनी तर थांबूच नये. लहान मुलाला ओरखड्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेत गाठ आली, तर बार्टोनेला या जंतूचा संशय घ्यावा. तो मांजरींमध्ये पिसवांमार्फत पसरतो. गाठ बहुधा आपोआप जाते, पण मुलाच्या ओरखड्याची गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच नाही तर तपासण्या भलत्याच दिशेला जातात.

आता ती चावते का? बऱ्याचदा आपणच शिकवलेले असते. पिल्लू असताना बोटे नाचवून खेळवले, तेव्हा गंमत वाटली. मोठी झाल्यावर तीच बोटे तिला शिकार वाटतात. खेळायला दोरीला बांधलेली चिंधी द्या. कुरवाळताना शेपटी आपटू लागली, कान मागे गेले, की हात काढून घ्या. जेवणाऱ्या किंवा पिल्लांजवळच्या मांजरीला मुलांनी उचलू नये. फटका मारल्याने ती घाबरते आणि आणखी चावते. बोक्याची नसबंदी केली तर त्याची भांडणेही कमी होतात. पण एरवी गरीब असलेली मांजर अचानक अंगावर येऊ लागली, तर तिला कुठे तरी दुखत असेल किंवा आजार असेल. अशा वेळी तिला पशुवैद्यकाला दाखवा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि मग पशुवैद्यक सांगतील तशी, बहुधा दरवर्षी, द्यावी. त्याच फेरीत नखांची टोके कापून घ्या आणि पिसवांचे औषधही मागून घ्या.