चौकट : न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स इमारत, मुंबई

कोल्हापूरचा 1884 मध्ये पूर्ण झालेला, चार्ल्स मांट यांनी आखलेला नवा राजवाडा घुमट आणि कमानींनी ओळखला जातो. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने मुंबईच्या फोर्ट भागात मास्टर, साठे आणि भूता या वास्तुविशारद संस्थेने उभारलेल्या या विमा कंपनीच्या कचेरीत घुमट नाही, कमान नाही. इमारतीचे रूप तिच्या उपयोगातून आणि सांगाड्यातून ठरावे, असे मानणाऱ्या विचाराला विवेकवादी वास्तुशैली म्हणतात. येथे प्रबलित काँक्रीटच्या, म्हणजे पोलादी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, सांगाड्यावर सरळ वर चढत जाणाऱ्या उभ्या पट्ट्यांतून तो विचार दिसतो. तरीही शिल्पकार ना. ग. पानसरे यांची शेतकरी, कुंभार आणि सूत कातणाऱ्या स्त्रियांची उत्थित शिल्पे हेच या इमारतीचे खरे वैभव होय.