बर्फ, फळी आणि विम्यातली बारीक अक्षरे

आपल्या निपाणी-बेळगाव भागातल्या माणसाला बर्फ दोनच ठिकाणी भेटतो: मासळी बाजारात आणि गोळ्याच्या गाडीवर. त्यामुळे आपल्या दोन्ही भाषांनी त्याचे फारसे लाड केलेले नाहीत. मराठीत सरबतातला खडाही बर्फ आणि हिमालयावर पडतो तोही बर्फच. कन्नडमध्ये 'मंजु' म्हणजे धुके आणि 'मंजु' म्हणजे हिमसुद्धा. "मंजूवरून घसरायला चाललोय," असे मी कन्नड विभागातल्या एका मित्राला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "धुक्यावरून कसा काय घसरणार रे तू?" काश्मिरी माणसाचे तसे नाही. पडणाऱ्या हिमाला तो 'शीन' म्हणतो आणि थंडीच्या दिवसांना त्याने घरातल्या माणसांसारखी नावे ठेवली आहेत. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस 'चिल्लई कलान', म्हणजे थोरली थंडी. पुढचे वीस दिवस 'चिल्लई खुर्द', म्हणजे धाकटी. आणि शेवटचे दहा दिवस 'चिल्लई बच्चा', म्हणजे शेंडेफळ!

२०२४ च्या फेब्रुवारीत, या धाकट्या थंडीत, मी गुलमर्गला जाऊन आलो. पुण्यात नोकरी करणारा माझा मावसभाऊ, त्याचा एक मित्र आणि मी असे तिघे होतो. खर्च बहुतेक दादाचा. माझे भाडे मात्र बाबांनी दिले. बाबांचे पैसे म्हणजे तंबाखूच्या वखारीतल्या दिवाणजीची शिल्लक, हे निपाणीकरांना निराळे सांगायला नको. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा विचार नाही. स्नोबोर्डिंग म्हणजे नेमके काय, त्यात माणूस का पडतो आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने त्यातून काय शिकावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

प्रथम स्थळाविषयी थोडेसे. गुलमर्ग हे बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. त्याची उंची सुमारे २,६५० मीटर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार मीटर चढावे, तेव्हा कोठे गुलमर्गचे पठार सुरू होते! तेथून वर जाण्यासाठी तारेवरचे पाळणे आहेत. पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, तो १९९८ साली सुरू झाला. दुसरा अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, तो २००५ साली. हा दुसरा टप्पा माणसाला जवळजवळ ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. २०२० पासून 'खेलो इंडिया'चे हिवाळी सामनेही गुलमर्गला भरू लागले. पण बर्फ हा काही सरकारी नोकर नव्हे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडे पडले होते, लोकांनी खोल्या रद्द केल्या होत्या आणि त्यामुळेच आम्हांला एरवी न परवडणारी खोली मिळाली. फेब्रुवारीच्या तोंडावर हिम पडले आणि आमचे नशीब उघडले, असे आम्हांला तेव्हा वाटले.

आता खेळाविषयी. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या आणि हातात दोन काठ्या असतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे जखडलेले आणि हात रिकामे. या फळीचा जन्म एका बापाच्या मायेतून झाला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने १९६५ च्या नाताळात आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्या खेळण्याचे नाव 'स्नर्फर'. पुढे १९७७ च्या सुमारास जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हरमाँटमध्ये अशा फळ्या बनवण्याचा धंदा सुरू केला. १९९८ साली जपानमधील नागानो येथे हा खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्ये आला. मुलींचे खेळणे तेहतीस वर्षांत ऑलिंपिकला पोचले!

फळीला चाके नाहीत, ब्रेक नाही, सुकाणू नाही. सगळा कारभार तिच्या दोन पोलादी कडांवर चालतो. एक कड टाचांकडची, दुसरी चवड्यांकडची. उताराला आडवे उभे राहून डोंगराकडची कड बर्फात रुतवली की फळी थांबते. किंचित सैल सोडली की सरकते. तवंदी घाट उतरताना मालट्रकचा ड्रायव्हर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून हळूहळू उतरवतो, तसाच हा प्रकार. नवशिक्याची चूक ठरलेली असते. घाबरून तो सरळ उभा राहतो, फळी सपाट होते आणि दरीकडची कड बर्फात अडकते. मग फळी जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे जातो. विज्ञानाचे विद्यार्थी याला जडत्व म्हणतील. आम्ही कॉमर्सवाले नुसतेच तोंडावर पडतो.

आम्हांला शिकवायला एक पन्नाशीचे काश्मिरी गृहस्थ होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत होतो. अंगात फेरन, फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी आणि चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. पहिला पूर्ण दिवस त्यांनी आम्हांला फक्त पडायला शिकवले. "पहले गिरना सीखो, फिर रुकना, चलना तो अपने आप आएगा." पडताना माणूस सवयीने तळहात टेकतो आणि सारा भार मनगटावर येतो. नवशिक्यांची मनगटे या खेळात सर्वांत जास्त मोडतात ती याच कारणाने. म्हणून मुठी मिटायच्या, कोपरापासून पुढचा हात टेकायचा किंवा बैठक मारून मागे लोळायचे. दिवसभर मी शंभरदा तरी पडलो असेन. निपाणीच्या तालमीत लाल मातीत पडलो होतो त्याहून अधिकच.

तिसऱ्या दिवशी दादाला वाटले की आपल्याला आले. पाळण्याच्या पहिल्या टप्प्याखाली झाडी आहे. आखलेला उतार सोडून त्या झाडीतून उतरायचे नाही, असे चाचांनी दोनदा बजावले होते. ते एका मुलाचा बूट आवळण्यात गुंतले आहेत असे पाहून दादा म्हणाला, "चल रे, एवढ्यात काय होतंय!" आणि निघाला. मीही निघालो. मी नको म्हणालो नाही, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवतो.

उंच सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्या छत्रीसारख्या असतात. त्यांच्यामुळे बुंध्याभोवती हिम कमी पडते आणि पडते तेही भुसभुशीत. वरून जमीन सपाट दिसते, आत मात्र पोकळ खड्डा असतो. दादा एका झाडाला टाळायला गेला, मनगट टेकून पडला आणि कमरेपर्यंत त्या खड्ड्यात गेला. फळी पायांना जखडलेली, डोके उताराकडे. मी जवळ जाण्यासाठी फळी काढली तर माझा पाय मांडीपर्यंत रुतला. हाका मारल्या तर आवाज बर्फच पिऊन टाकी. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. घड्याळाप्रमाणे पंधरा मिनिटे असावीत. मग झाडांतून चाचा आले. ते दर थोड्या वेळाने आपली मुले मोजत आणि त्या मोजणीत दोन कमी भरले होते. त्यांनी आधी दादाच्या तोंडासमोरचा बर्फ हातांनी दूर केला, मग फळीचे पट्टे सोडले, मग त्याला ओढले. रागाचा एक शब्द नाही. फक्त म्हणाले, "गिनती पूरी हुई." दादाच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले होते.

आपण काय टळले, ते मला परत आल्यावर कळले. आम्ही घरी पोचून थोडेच दिवस झाले होते. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गच्या वरच्या अंगाला खिलनमर्ग भागात हिमकडा कोसळून एक रशियन स्कीपटू मरण पावला. वर्षभर आधी, १ फेब्रुवारी २०२३ ला, अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू असेच गेले होते. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार, जुन्या ठिसूळ थरावर ताज्या हिमाचा जड थर, आणि वर एका माणसाचे वजन. एवढे जुळले की सारा थर शहाबादी फरशीसारखा तडकून सुटतो. गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत काढले तर तो बहुधा वाचतो, पुढे मिनिटागणिक आशा कमी होते. म्हणून असल्या उतारांवर जाणारे जाणकार लोक अंगावर संदेश देणारे यंत्र, बर्फात खुपसायची लांब सळी आणि फावडे बाळगतात. आमच्याकडे तिघांत मिळून एक चॉकलेट होते.

आपल्या भागाला हिमकडा अगदीच अनोळखी आहे असेही नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळून १९ मद्रास बटालियनचे दहा जवान गाडले गेले. त्यांत धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे हणमंतप्पा कोप्पद होते आणि सातारा जिल्ह्यातील सुनील सूर्यवंशीही होते. हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे निधन झाले. ते लोक कर्तव्यासाठी तेथे होते, आम्ही हौसेसाठी. एका भाषेचा दुसऱ्या भाषेचा असा भेद बर्फाने केला नाही, आणि कर्तव्य व हौस यांतलाही तो करीत नाही.

आता विमा. श्रीनगरच्या दवाखान्यात प्लास्टर झाले, तपासण्या झाल्या आणि पावत्यांची जाडी वाढू लागली. दादाने निघताना प्रवासविमा काढला होता. त्यात विमान रद्द होणे, सामान हरवणे, आजारपण, अपघात असे सारे होते. रात्री आम्ही पॉलिसी उघडून वाचली. बारीक अक्षरांत वगळलेल्या जोखमींची यादी होती आणि त्यात साहसी खेळ होते. अशा अनेक पॉलिसींत ते असतातच. जादा हप्ता भरला तरच ती जोखीम घेतली जाते. इतकेच नव्हे, अर्जात 'साहसी खेळात भाग घेणार काय?' असा प्रश्न होता आणि जादा हप्ता वाचवण्यासाठी दादाने तेथे 'नाही' लिहिले होते.

मित्र म्हणाला, "त्यात काय, हॉटेलच्या पायरीवरून घसरलो म्हणून लिही. मनगट पायरीवरही मोडतंच की." युक्ती बिनतोड होती. खरे सांगतो, मलाही ती पटली होती, कारण पैसे संपत आले होते आणि मावशीला काय सांगायचे हा प्रश्न होताच. दादा गप्प होता. थोड्या वेळाने त्याने मला विचारले, "तुमच्या पुस्तकात काय म्हटलंय रे?" विम्याचा करार परम विश्वासावर उभा असतो, हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. विमेदाराने जोखमीविषयीची प्रत्येक महत्त्वाची गोष्ट खरी सांगितली पाहिजे. ती लपवली तर कंपनी करार मोडू शकते, मागणी नाकारू शकते. दहा गुणांचा प्रश्न! पण पुस्तकात जे लिहिलेले नाही ते मला त्या खोलीत कळले. खोट्या मागणीचे पैसे कोणी हवेतून देत नाही. ते हप्ता भरणाऱ्या इतर लोकांच्या गाठोड्यातून जातात आणि त्या लोकांत आपल्या बाबांसारखेही असतात. हे मी धड बोलू शकलो नाही, अडखळत सांगितले. दादाने पॉलिसीची घडी घातली आणि मावशीला फोन लावून सगळे खरे सांगितले. दवाखान्याचे पैसे त्याने मित्राकडून उसने घेऊन भरले आणि नंतर दोन पगारांतून फेडले.

शेवटच्या रात्रीचे वाजवानचे जेवण आधीच ठरवून पैसे भरलेले होते. वाजवान चौघांचे असते. तांब्याच्या एकाच मोठ्या थाळीभोवती, 'त्रामी'भोवती, चौघे बसतात. आम्ही तिघेच, म्हणून चौथे चाचांना बोलावले. आधी तांब्याच्या झारीने बसल्या जागी हात धुवायला पाणी. मग भाताच्या डोंगरावर एकेक पदार्थ येऊ लागला: तबकमाज म्हणजे तळलेल्या बरगड्या, मावळ फुलांच्या लाल रंगातला रिस्ता, रोगनजोश. मांस लाकडी हातोड्याने दगडावर इतके कुटतात की त्याचा लोण्यासारखा गोळा होतो. सर्वांत शेवटी दह्याच्या पांढऱ्या रश्श्यातला गुश्ताबा. तो आला की समजावे, पंगत संपली. आपल्याकडच्या पांढऱ्या रश्श्याची मला फार आठवण झाली. दादाचा उजवा हात गळ्यात. चाचांनी काही न बोलता गुश्ताब्याचे चार भाग केले, दादाच्या भागाचे लहान घास करून त्याच्या बाजूला सरकवले आणि मला म्हणाले, "भाई को खिलाओ." दादाला मी भरवले. लहानपणी मावशीकडे गेलो की तो मला मांड्याचे तुकडे भरवीत असे.

घरी आल्यावर मी जमाखर्च मांडला. बर्फाचे सुख, पाळण्याचे भाडे, फळीचे भाडे, वाजवान. सगळ्या रकमा जुळल्या. फक्त चाचांची मोजणी कोणत्या सदरात लिहावी ते कळेना. फी त्यांना शिकवण्याची दिली होती, मोजण्याची नव्हे. आपण पैसे मोजतो तेव्हा डोंगरावर जाण्याची सोय विकत घेतो. सुरक्षितता तेवढ्याने मिळत नाही. ती सांगणाऱ्याचे ऐकण्याने मिळते आणि अर्जावर खरे लिहिण्याने मिळते. तेव्हा आपल्यापैकी कोणी बर्फावर जाणार असेल, नाही तर पावसाळ्यात आंबोलीच्या निसरड्या कड्यावर जरी जाणार असेल, तर आधी पडायला शिकावे, आखलेली वाट सोडू नये आणि पॉलिसीतली बारीक अक्षरे निघण्यापूर्वी वाचावीत.

कन्नड विभागातल्या त्या मित्राला ही हकीकत सांगितली, तेव्हा तो एकच शब्द बोलला: "निधान." म्हणजे सावकाश. चाचांनी तीन दिवस जे शिकवले ते त्याने एका शब्दात सांगितले. असो. दादाचा हात आता बरा आहे, आणि पुढच्या वेळी जादा हप्ता भरायचा असे आमचे ठरले आहे.