ब्रेक शिफ्टचा हिशोब: लोणावळा-मावळातल्या कामगारासाठी कायदा काय सांगतो

पावसाळ्यात भुशी धरणाच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागली, की लोणावळ्यात कुणीच रिकामं बसत नाही. हॉटेलातला वेटर, रूमबॉय, चिक्कीच्या काउंटरवरचा पोऱ्या, भाड्याने दिलेल्या बंगल्यावरचा स्वयंपाकी, सगळ्यांची शनिवार-रविवारी धावपळ. याच मावळ तालुक्यात तळेगावच्या एमआयडीसीत मात्र पंचिंग मशीन, युनिफॉर्म आणि कंपनीची बस असते. तिथल्या कामगाराला निदान युनियनचा माणूस चार गोष्टी सांगतो. लोणावळ्यातल्या रूमबॉयला सांगणारं कुणी नसतं. म्हणून हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी, आणि त्याच्या मालकासाठीही.

कायदा कोणता?

दुकान, हॉटेल, रिसॉर्ट, ऑफिस यांना लागू होतो तो महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. तो डिसेंबर २०१७ मध्ये अंमलात आला आणि १९४८ चा जुना कायदा गेला. बाजारात अजूनही त्याला 'गुमास्ता'च म्हणतात. 'गुमास्ता काढलाय का?' याचा अर्थ दुकानाची नोंदणी केली आहे का.

याच्या वर केंद्राच्या चार श्रमसंहिता आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. पगार, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता असे त्यांचे चार विषय. राज्याचा दुकाने कायदा त्यांनी गुंडाळलेला नाही. त्यामुळे लोणावळ्यातल्या नोकराला दोन्हीकडचे नियम पाहावे लागतात.

ब्रेक शिफ्ट

हॉटेलात काम केलेल्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सकाळी सातला नाश्त्यासाठी हजर, अकराला सुटका, संध्याकाळी सहाला पुन्हा हजर, रात्री अकराला घरी. मालक म्हणतो, 'नऊच तास काम आहे की!' बेरीज बरोबर आहे. चार आणि पाच, नऊ.

पण कायदा फक्त बेरीज पाहत नाही. कामाला लागल्यापासून शेवटचं सुटेपर्यंत मधल्या विश्रांतीसह एकूण किती वेळ गेला, हेही तो मोजतो. २०१७ च्या कायद्यात हा पसारा साधारणपणे साडेदहा तासांचा होता, २०२५ च्या दुरुस्तीने तो बारापर्यंत वाढवला. सकाळी सात ते रात्री अकरा होतात सोळा. जुन्या मापाने पाहा नाहीतर नव्या, ही शिफ्ट बसत नाही. मधल्या सात तासांत माणूस घरी जाऊन येऊ शकत नाही, दुसरं काम धरू शकत नाही. खोलीवर पडून राहतो आणि ते तास कुठेच लिहिले जात नाहीत. लोणावळ्यात सर्वांत सर्रास मोडला जाणारा नियम कोणता, असं मला विचारलं तर मी याच्याकडे बोट दाखवीन.

रोजच्या तासांची मर्यादा आधी नऊ होती, दुरुस्तीने दहा झाली. आठवड्याचे ४८ तास मात्र धरून चाला. त्याच्या वरचा प्रत्येक तास दुप्पट दराने. समजा तासाला ७० रुपये पडतात आणि गर्दीच्या आठवड्यात ६० तास काम झालं. वरच्या १२ तासांचे १४० रुपयांप्रमाणे १,६८० रुपये त्या माणसाचे होतात. 'सिझन संपला की बघू' म्हणून ते बुडवता येत नाहीत.

साप्ताहिक सुटी आणि सण

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. लोणावळ्यात रविवार मागणं म्हणजे धंद्याच्या पोटावर पाय, हे कामगारही जाणतो. कायद्याचा तसा हट्टही नाही. मंगळवार द्या, बुधवार द्या, पण आठवड्यातून एक दिवस द्या. सुटीच्या दिवशी बोलावलंच तर दोन महिन्यांच्या आत बदली सुटी द्यायची.

सणाच्या पगारी सुट्या आठ. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या, उरलेल्या चार मालक-कामगारांनी सहमतीने ठरवायच्या. आता १५ ऑगस्ट म्हणजे लोणावळ्यात भर गर्दीचा दिवस. त्या दिवशी कामावर बोलावता येतं, पण नेहमीच्या रोजावर विषय मिटत नाही. शिवाय वर्षाला आठ किरकोळ रजा, आणि वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा. ती ४५ दिवसांपर्यंत साठते. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईमाणसाला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची सोय हवी.

दहाचे झाले वीस

आता खरी मेख. वरचं बरंचसं हजेरीपटावरच्या नावांच्या आकड्यावर अवलंबून आहे. २०१७ मध्ये कायदा दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला लागू होता. त्यापेक्षा लहान दुकानदाराने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बदल मंजूर केले, पुढे अध्यादेश निघाला आणि दहाचे वीस झाले.

लहान व्यापाऱ्याच्या मागची कागदपत्रं कमी व्हावीत, हा सरकारचा युक्तिवाद. मुंबईच्या मॉलला वीस म्हणजे काहीच नाही. पण लोणावळ्याच्या बाजारपेठेतून वळवणपर्यंत चक्कर मारा. बारा-पंधरा माणसांवर चालणारी हॉटेलं, आतल्या भट्टीपाशी पाक ढवळणारे आणि बाहेर काउंटर सांभाळणारे मिळून पंधरा-सतरा जण असलेली चिक्कीची दुकानं, हाच इथला नेहमीचा आकार. ही सवलत इथल्या मधल्या थराला नेमकी लागली. किरकोळ रजा, सणाच्या सुट्या, वेळेच्या पसाऱ्याची मर्यादा हे हक्क या कायद्यातून त्यांच्या हातून गेले. धंद्याला सोपं व्हावं हे मला पटतं, पण त्याची किंमत पंधरा माणसांतल्या सर्वांत खालच्याने मोजावी, हे पटत नाही.

आकडा लहान असला तरी

तरी 'आमच्याकडे पाचच माणसं, आम्हाला कायदा नाही' हे वाक्य खोटं आहे. किमान वेतन एका नोकरालाही द्यावं लागतं. वेतन संहितेप्रमाणे साप्ताहिक विश्रांती आणि जादा तासांचा दुप्पट दर यांना माणसांच्या संख्येची अट नाही. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा. 'पुढच्या सिझनला ये, तेव्हा घे' ही इथली जुनी रीत कायद्याला मान्य नाही.

माणसं दहा झाली की ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आली. दहापेक्षा कमी असतील तर बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, पगारमर्यादा २१,००० रुपये. त्यात कामगाराचा वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. वीस झाली की प्रॉव्हिडंट फंड. म्हणून हजेरीपटावर नेहमी एकोणीसच नावं दिसली, तर समजणाऱ्याला समजतं.

मालकाने काय करायचं?

धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत नोंदणी किंवा सूचना. प्रत्येकाला नेमणूकपत्र, कायदा लागू असेल तर ओळखपत्र. पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटी. दुकानाची पाटी देवनागरीत, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. २०२२ च्या दुरुस्तीने हे छोट्या दुकानांनाही लागू केलं.

तळेगावची गोष्ट

मोठ्या कारखान्यात सगळं आलबेल असतं असं नाही. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात २००८ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि डिसेंबर २०२० मध्ये थांबलं. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस आली. ले-ऑफमध्ये नोकरी कागदावर असते, काम नसतं, आणि मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. घराचा हप्ता मात्र पूर्णच भरावा लागतो. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे शंभर किंवा जास्त कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची. युनियनला लढायला जागा मिळाली ती या कलमामुळे. २०२३ मध्ये कारखाना ह्युंदाईने घ्यायचं ठरवलं. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा आता तीनशे आहे.

कंत्राटी कामगारांसाठी एक गोष्ट: ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. गेटपासवर कुणाचं नाव आहे, ते पाहून ठेवा.

तक्रार कशी?

थकलेल्या वेतनाचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो, पूर्वी ही मुदत महिन्यांत मोजली जायची. पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जायचं म्हणजे लोकलने एक खाडा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. पगार रोख मिळत असेल तर तारीख आणि रक्कम वहीत लिहा, कामावर आल्याची आणि सुटल्याची वेळही. 'उद्या सहाला ये, फुल आहे' असा मालकाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका. नेमणूकपत्र नसेल तर तुम्ही तिथे काम करत होता, हे दाखवायला तोच उपयोगी पडतो.