पायरी उतरून गेलेल्या मेरी जॅक्सन

वॉशिंग्टनमधल्या नासाच्या मुख्यालयाला मेरी जॅक्सन यांचं नाव देण्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. याच संस्थेत वरच्या व्यवस्थापकपदांची दारं त्यांना बंद राहिली होती.

ही हकिगत व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनची, पुढे नासाचा भाग झालेल्या लँगली प्रयोगशाळेची. कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातल्या भरतीत वर्णभेदाला मनाई केली. लँगलीत कृष्णवर्णीय स्त्रिया आकडेमोडीच्या कामावर आल्या, पण त्यांचा कक्ष वेगळा, जेवणाचं टेबलही वेगळं.

गणिताच्या शिक्षिका डोरोथी वॉन १९४३ मध्ये इथं आल्या आणि १९४९ मध्ये या कक्षाच्या प्रमुख झाल्या. तिथल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय पर्यवेक्षक. कुठल्या कामाला कोण योग्य, हे अभियंते त्यांना विचारत. कॅथरीन जॉन्सन १९५३ मध्ये रुजू झाल्या आणि दोनच आठवड्यांत वॉन यांनी त्यांना उड्डाण संशोधनात पाठवलं. बढतीसाठी वॉन इतर कक्षांतल्या गोऱ्या स्त्रियांचीही बाजू मांडत. १९५८ मध्ये नासा स्थापन झाली आणि तो वेगळा कक्ष मोडला. ते व्हायलाच हवं होतं. पण वॉन यांचं प्रमुखपदही त्याबरोबर गेलं, आणि तसं पद त्यांना पुन्हा कधी मिळालं नाही. हा अन्याय मला फार बोचतो.

जॅक्सन १९५१ मध्ये वॉन यांच्याच हाताखाली कामाला लागल्या. पुढे आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगाचा वारा निर्माण करणाऱ्या वातबोगद्यात अभियंता काझिमिएर्झ चार्नेत्स्की यांनी त्यांना काम दिलं आणि अभियंता व्हा म्हणून सुचवलं. त्यासाठीचे वर्ग भरत ते गोऱ्यांसाठी राखलेल्या शाळेत. जॅक्सन यांनी रीतसर परवानगी मागितली, मिळवली, आणि १९५८ मध्ये त्या नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री अभियंता झाल्या.

वर्णभेद कायद्यातून गेला तरी कामाच्या वाटणीत तो उरला होता. उपयोजित गणितात पदव्युत्तर शिकलेल्या क्रिस्टिन डार्डन १९६७ मध्ये आल्या, तेव्हा त्यांनाही आकडेमोडच मिळाली. तेवढंच शिकलेले पुरुष मात्र अभियंते कसे होतात, असं त्यांनी वरिष्ठांना थेट विचारलं. त्यानंतर १९७३ मध्ये त्या अभियंता झाल्या.

जॅक्सन यांनी १९७९ मध्ये जे केलं त्याला तोड नाही. अभियंत्यांतल्या सर्वांत वरच्या हुद्द्यावर पोहोचल्यावर त्या स्वतःहून खालच्या श्रेणीत उतरल्या आणि लँगलीतल्या स्त्री कर्मचाऱ्यांसाठीच्या कार्यक्रमाची जबाबदारी घेतली. १९८५ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या स्त्रियांच्या भरतीसाठी आणि बढतीसाठी झटत राहिल्या. डार्डन यांनी १९८३ मध्ये डॉक्टरेट मिळवली, स्वनातीत विमानांच्या गडगडाटाच्या अभ्यासात नाव कमावलं आणि पुढे त्या अमेरिकी सरकारच्या वरिष्ठ कार्यकारी सेवेत गेल्या. लँगलीतून त्या श्रेणीत पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.