रेडिओच्या परवान्यापासून केबलच्या बिलापर्यंत

सार्वजनिक प्रसारणाचा खर्च घरोघरून सक्तीने वसूल करण्याची पद्धत भारतात अर्धशतकाहून अधिक काळ चालली. तिची सुरुवात मुंबईत झाली. 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. कंपनी खासगी होती, पण तिच्या उत्पन्नाची तजवीज सरकारने करून दिली होती. रेडिओ बाळगणाऱ्याने वर्षाला 10 रुपयांचा परवाना काढायचा, त्यातले 80 टक्के कंपनीला मिळायचे. शिवाय परदेशातून येणाऱ्या रेडिओच्या सामानावर किमतीच्या 10 टक्के आकारही तिलाच मिळणार होता.

प्रत्यक्षात हे गणित जमले नाही. मुंबईचा प्रक्षेपक दीड किलोवॉटचा, त्याचा पल्ला शहर आणि आसपासच्या टापूपुरता. संच महाग होते, आणि ते परवडणाऱ्यांपैकीही बरेच जण परवाना चुकवत. 1930 संपले तेव्हा देशभरातले परवाने आठ हजारांच्या आत होते. त्याआधीच, त्या वर्षीच्या मार्चमध्ये, कंपनीचे दिवाळे निघाले आणि 1 एप्रिलपासून सरकारने प्रसारण आपल्याकडे घेतले. पुढच्याच वर्षी तोट्याला कंटाळून सरकारने ते बंद करायचे ठरवले. लोकांनी ओरड केली, तेव्हा निर्णय फिरला आणि खर्च भागवण्यासाठी रेडिओ संचांवरची आयात जकात 50 टक्क्यांवर नेण्यात आली. 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने विनापरवाना संच नुसता बाळगणेही गुन्हा ठरवले. सक्तीला खरी धार आली ती इथे.

सक्तीविना वर्गणी कशी चालते याचे उदाहरण म्हणजे विलेपार्ले, तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेरचे उपनगर. सार्वजनिक कामासाठी घराघरांतून पैसा उभा करणे या गावाला नवे नव्हते. पार्ले टिळक विद्यालय 1921 मध्ये आणि लोकमान्य सेवा संघ 1923 मध्ये, म्हणजे मुंबई केंद्राच्या आधीच, लोकांच्या देणग्यांवर आणि वर्गण्यांवर उभे राहिले होते. अशा संस्थेत वर्गणी भरणाऱ्या सभासदाला वार्षिक सभेत उभे राहून हिशोब विचारता येतो, कार्यकारी मंडळ बदलता येते. रेडिओचा परवाना काढणाऱ्याला यातले काहीच मिळाले नाही. त्याचा पैसा पोस्टातून सरकारी तिजोरीत जाई आणि तिथून प्रसारणासाठी किती द्यायचे ते सरकार ठरवी. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

स्वातंत्र्यानंतरही रचना तीच राहिली. परवान्याचे एक लहानसे पुस्तक असे. त्यात मालकाचे नाव, पत्ता आणि संचाचा तपशील असे, शिवाय दर वर्षीच्या नूतनीकरणासाठी जागा. पोस्टाच्या खिडकीवर पैसे भरले की कारकून त्यात परवाना शुल्काची खास तिकिटे चिकटवून वर तारखेचा शिक्का मारी. मुदत उलटली तर अधिभार पडे. घरोघर तपासणीचे अधिकार असलेले निरीक्षक येत आणि पुस्तक दाखवता आले नाही तर दंड होई, वेळप्रसंगी संचही जप्त होई. घरगुती रेडिओचे शुल्क पुढे वर्षाला 15 रुपये झाले. महिना दोन-तीनशे रुपये पगाराच्या घरात ही रक्कम आठवणीने बाजूला काढून ठेवावी लागे.

सक्तीने घेतलेल्या पैशांत श्रोत्याला काय मिळावे, हा प्रश्न ऐरणीवर आणला तो एका मराठी मंत्र्याने. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 ते 1962 अशी दहा वर्षे माहिती व प्रसारण मंत्री होते. शास्त्रीय संगीताबद्दल त्यांना मनापासून आस्था होती आणि चित्रपटगीते त्यांना हलकी वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि मुंबई उपनगरांतल्या घराघरांत रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे वळला. परवान्याचे पैसे आकाशवाणीसाठी, आणि ऐकायचे मात्र कोलंबोचे! अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून सरकारला श्रोता परत मिळवावा लागला.

केसकरांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीने अनेक गवयांना आणि वादकांना आधार दिला, आणि बाजाराने ते काम केले नसते. सार्वजनिक पैशाचे समर्थन होते ते अशाच कामांसाठी. चूक होती ती एका मंत्र्याची आवड हीच साऱ्या देशाची अभिरुची ठरवण्यात. परवानाधारकाचे मत विचारात घेण्याची कुठलीच सोय नसल्यामुळे ती चूक दुरुस्त व्हायला पाच वर्षे लागली.

दूरचित्रवाणी आली आणि प्रश्न अधिक मोठा झाला. 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत युनेस्कोच्या मदतीने प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. त्या पहिल्या फळीत होते पु. ल. देशपांडे, पार्ल्यात वाढलेले आणि पार्ले टिळक विद्यालयात शिकलेले. त्यांनी बीबीसीमध्ये प्रशिक्षण घेतले. ती संस्था देशातले कार्यक्रम जाहिराती न घेता, घरोघरच्या परवान्याच्या पैशावर चालवत होती आणि तरीही सरकारपासून बऱ्यापैकी अंतर राखून होती. भारताने परवाना घेतला, पण ते अंतर घेतले नाही.

मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. घरगुती टीव्हीचा परवाना वर्षाला 50 रुपये होता आणि संच घेण्याची ऐपत फार थोड्या घरांची होती. म्हणून पार्ल्याच्या वाड्यांत आणि चाळींत एका घरात टीव्ही आणि त्यापुढे सगळा मजला, असे दृश्य असे. बिऱ्हाडातली खाट भिंतीला उभी करून सतरंजी अंथरली जाई. मुले पुढे, बायका मागे आणि उशिरा आलेले दाराच्या चौकटीत. ‘छायागीत’ आणि रविवारचा चित्रपट असला की पाय ठेवायला जागा नसे. परवाना एका घराचा आणि पाहणारी घरे दहा, अशी ही स्थिती. परवाना शुल्क हे संचाच्या मालकीवरचे शुल्क होते. प्रसारणाचा लाभ मात्र त्याच्या कितीतरी पलीकडे पोहोचत होता.

त्या काळात मुंबई केंद्राने जे दिले त्याची किंमत पन्नास रुपयांत होण्यासारखी नाही. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘ज्ञानदीप’, ‘किलबिल’, ‘आमची माती आमची माणसं’. साहित्यिकाची निवांत मुलाखत आणि शेतकऱ्याला खताची माहिती एकाच केंद्रावरून मिळत होती. चि. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्यामुळे मराठी घरांत माहेरच्या माणसासारखा वावरू लागला तो इथूनच. मराठीत दूरचित्रवाणीची भाषा, निवेदनाची ढब, बातम्या वाचण्याची पद्धत घडली ती या केंद्रात, आणि सुरुवातीची वर्षे तो खर्च जाहिरातदाराने नव्हे तर लोकांनी उचलला होता. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या 1 जानेवारी 1976 पासून.

तोवर आणीबाणी लागलेली होती. जून 1975 ते मार्च 1977 या काळात आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारचे भोंगे झाले. विरोधी आवाज पूर्ण बंद झाला, किशोरकुमारची गाणीसुद्धा बंद झाली. परवान्याची वसुली मात्र चालूच होती. ज्याला तुरुंगात टाकले त्याच्या घरूनही, त्याच्याविरुद्धचा प्रचार चालवणाऱ्या माध्यमासाठी पैसे घेतले जात होते. सक्तीच्या वर्गणीवर याहून गंभीर आक्षेप असू शकत नाही. दूरदर्शनच्या पायाभरणीत असलेले पु. ल. 1977 च्या निवडणुकीत सभा घेऊन आणीबाणीविरुद्ध बोलले.

जनता सरकारने बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. ‘आकाश भारती’ या नावाचा स्वतंत्र राष्ट्रीय प्रसारण न्यास स्थापावा, अशी त्याने 1978 मध्ये शिफारस केली. 1979 मध्ये आलेले विधेयक त्याहून बरेच सौम्य होते, आणि सरकार पडल्यावर तेही बारगळले.

1980 च्या दशकात चित्र झपाट्याने बदलले. वसंत साठे मंत्री असताना रंगीत प्रसारणाचा आग्रह धरला गेला. 1982 मध्ये रंग आले, एशियाड आले, पाठोपाठ देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. 7 जुलै 1984 पासून ‘हम लोग’ने प्रायोजित मालिकांचा रस्ता खुला केला. जाहिरातींचा पैसा येऊ लागल्यावर पोस्टाच्या खिडकीवरची पंधरा-पन्नास रुपयांची वसुली डोईजड वाटू लागली. ट्रान्झिस्टर खिशात मावत होते, ते मोजणार कोण? दशकाच्या मध्याला रेडिओ आणि टीव्ही दोन्हींचे परवाने रद्द झाले. लोकांना सुटल्यासारखे वाटले आणि कोणी निषेध केला नाही. परंतु प्रसारणाला प्रेक्षकांशी थेट जोडणारा एकुलता एक धागाही त्याबरोबर तुटला. दूरदर्शनला आता दोनच धनी उरले, सरकार आणि जाहिरातदार.

प्रसार भारती कायदा 1990 मध्ये संमत झाला, म्हणजे परवाने रद्द होऊन काही वर्षे लोटल्यावर. तरीही त्याचे 17 वे कलम म्हणते की, संसदेच्या मंजुरीनंतर केंद्र सरकार महामंडळाला परवाना शुल्काचे उत्पन्न, असल्यास, वसुलीचा खर्च वजा करून देऊ शकेल, तसेच भांडवल, अनुदान किंवा कर्जही देऊ शकेल. शुल्काची वाट कायद्याने उघडी ठेवली, पण देणे सरकारच्या मर्जीवर सोडले. हा कायदाही सात वर्षे पडून राहिला. दरम्यान 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून आलेल्या त्या खटल्याच्या निकालपत्रावर न्या. पी. बी. सावंत यांचे नाव आहे. सप्टेंबर 1997 मध्ये कायदा अमलात आला आणि नोव्हेंबरमध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली. स्वायत्तता मिळाली, पण पगाराचा मोठा भार अनुदानावर राहिला आणि 23 व्या कलमाने निर्देश देण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला.

पार्ल्यातल्या घराच्या खिशातून टीव्हीसाठी पैसे जाणे मात्र थांबले नाही. 1990 च्या दशकात गच्चीवरून गच्चीवर वायरी गेल्या आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केबलवाला दारात येऊ लागला. 2012 च्या अखेरीस मुंबईत केबलचे डिजिटल प्रक्षेपण सक्तीचे झाले आणि त्यावरच्या प्रत्येक टीव्हीला सेट-टॉप बॉक्स घ्यावा लागला. 2019 मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नव्या दररचनेनुसार 100 वाहिन्यांच्या मूळ जोडणीसाठी महिन्याला 130 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, असा आकार बसला. वर्षाला 50 रुपये भरणे जाचक ठरवून बंद केले, आणि 2019 मध्ये महिन्याला त्याच्या तिप्पट रक्कम खासगी यंत्रणेला जाऊ लागली. तिच्यावरही प्रेक्षकाचा अधिकार नाही. केबल नको असलेल्यांसाठी 2004 मध्ये सुरू झालेली, आज डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाणारी सेवा आहे. तिला मासिक शुल्क नाही, आणि गरीब घरांना तिचा मोठा आधार आहे.

इतर देशांनी वेगवेगळे मार्ग धरले. ब्रिटनमध्ये परवाना कायम आहे. एप्रिल 2025 मध्ये तो वर्षाला 174.50 पौंड झाला आणि लंडनमधली मराठी कुटुंबेही तो भरतात. 2 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झालेल्या बीबीसी मराठीमागेही वर्ल्ड सर्व्हिसचा परवाना निधी आणि ब्रिटिश सरकारचे अनुदान होते. जर्मनीने 2013 पासून संच मोजणे सोडून घरटी वर्गणी लावली. इटलीने 2016 पासून शुल्क वीजबिलात घातले, त्यामुळे चुकवेगिरी एकदम घटली. स्वित्झर्लंडमध्ये 4 मार्च 2018 रोजी शुल्क रद्द करावे का यावर सार्वमत झाले आणि 71.6 टक्के मतदारांनी ते चालू ठेवले. फ्रान्सने 2022 मध्ये 138 युरोचे शुल्क रद्द करून तो भार सर्वसाधारण करांवर टाकला. तेव्हा तिथल्या पत्रकारांनी घेतलेला आक्षेप भारतातल्या अनुभवाशी जुळतो: दर वर्षी अर्थसंकल्पातून पैसे मागणारी संस्था सरकारवर टीका करताना कचरते.

सार्वजनिक वाहिनीची गरज संपलेली नाही, हे 2020 मध्ये दिसले. शाळा बंद असताना 20 जुलैपासून दूरदर्शनच्या मुंबई केंद्राच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता त्या घरातले मूल टीव्हीसमोर वही घेऊन बसू शकले. पण ती मालिका एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केली होती. पूर्वी ‘ज्ञानदीप’ स्वतः घडवणाऱ्या केंद्राला आता अशा कामासाठी बाहेरच्या संस्थेची मदत लागते. प्रसार भारतीसाठी 2023 मध्ये मंजूर झालेल्या 2,539 कोटींच्या ‘बाइंड’ योजनेचा भर मुख्यतः प्रक्षेपक आणि यंत्रसामग्री यांवर होता; मराठीत लिहिणाऱ्या-घडवणाऱ्या माणसांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

घरटी वर्गणी पुन्हा लावायची तर ती सर्वांना सारखी असून चालणार नाही. पन्नास रुपये पार्ल्यातल्या हनुमान रोडवरच्या बंगल्याला आणि इर्ल्याच्या झोपडीला सारखेच पडत, हा जुन्या परवान्याचा मोठा दोष होता. वीजबिलाबरोबर वापराच्या प्रमाणात आकारणी आणि कमी वापराच्या घरांना पूर्ण माफी, एवढे केले तर तो दोष जातो आणि निरीक्षकही लागत नाही. त्यासाठी 17 व्या कलमातला ‘देऊ शकेल’ हा शब्दप्रयोग बदलून देणे बंधनकारक करावे लागेल, 23 व्या कलमातला निर्देशांचा अधिकार काढावा लागेल, आणि मंडळावरच्या नेमणुकांत वर्गणी भरणाऱ्यांना स्थान द्यावे लागेल. या तिन्ही दुरुस्त्या संसदेच्या हातातल्या आहेत. त्यांच्याशिवाय लावलेली वर्गणी जुन्या परवान्यासारखीच सरकारी तिजोरीत जाईल.