धुऱ्याचा पुरावा

३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला तो सुर्जी-अंजनगावात. मुलूख वाटायला अजिंठ्याच्या डोंगराचं नाव पुरलं. दोन शेतांमधला धुरा ठरवायला मात्र फूट-इंच लागतात, आणि त्यासाठी आता रोव्हर हे मोजणीयंत्र आलं आहे. भूकरमापक दांडी टेकवतो, बुडबुडा मध्यावर आणतो, उपग्रहांचे संकेत जुळले की काही सेंटिमीटरच्या फरकाने बिंदू हाती येतो. त्यामुळे हद्दीचे वाद संपतील, असं बोललं जातं. मला ते पटत नाही. दांडी कुठे उभी आहे, एवढंच रोव्हर सांगतो. हद्द कुठे होती, ते सांगतं मूळ मोजणीचं टिपण.

टिपणात पायारेषा असते आणि तिच्यापासून शेताच्या कोपऱ्यांपर्यंत काढलेले लंब, साखळी-आण्यांत लिहिलेले. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. म्हणजे एक आणा दोन फुटांहून थोडा मोठा. ज्या मापात मूळ हद्द लिहिली गेली त्याची बारीकी एवढीच. ती रेघ संगणकावर चढवली म्हणून सेंटिमीटरची होत नाही. शिवाय साधनही जागेप्रमाणे चुकू शकतं, हा धडा वऱ्हाडात जुनाच आहे. टाकळखेड्याच्या मोजणी-ठाण्यावर उत्तरेकडच्या डोंगरांच्या ओढीने ओळंबा ढळतो, हे सर्वेक्षक एव्हरेस्टने आपल्या १८३० च्या ग्रंथात विचारात घेतलं होतं.

यावर कोणी म्हणेल, जमिनीवरच्या खुणांचा तरी काय भरवसा? शेजारी दर नांगरटीला धुरा कोरतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दगड कलतो. हे खरंच आहे. म्हणूनच जाणता मोजणीदार एका दगडावर विसंबत नाही. लगतच्या नंबरांचे कोपरे, शिवेचे दगड, जुनी विहीर, पांदण यांतली अंतरं तो टिपणाशी ताडून पाहतो. चार खुणा आपसात जुळल्या की सरकलेली पाचवी आपोआप उघडी पडते, आणि तिथून पुढे रोव्हरचा खरा उपयोग सुरू होतो.

यात वेळ जातो, अर्ज तुंबतात, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. पण घाईची मोजणी ज्याला मान्य नसते तो निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागतो, आणि तोच धुरा पुन्हा मोजावा लागतो. त्यापेक्षा मोजणी नकाशाच्या क-प्रतीवर नव्या बिंदूंसोबत कोणत्या खुणा धरल्या आणि कोणती का सोडली, हेही लिहावं. दोन्ही लगतधारकांना ते वाचून दाखवावं. जीर्ण टिपणांचं स्कॅनिंग करताना कडेचे आकडे कापले जाणार नाहीत, हे तर आधी पाहावं.